जित्या माणसाचं सरण

ये गो, अशी जवळ ये. तिकडे पायरीच्या टोकाला बसून काय विचारतेस? मला लांबचं ऐकू येत नाही आणि ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हे. आधी ती भाकरी संपव. एक भाकरी खाताना चार वेळा थांबतेस, शहरात काय वारा पिऊन जगता तुम्ही? पाटावर बस, जमीन गार आहे. चार दिवसांसाठी येणार आणि सर्दी घेऊन जाणार, मग तुझी आई मला फोन करून बोलणार.

तर सकाळी तू राईतून आलीस आणि विचारलंस, "आजी, उतारावर एवढे मोठे खुंट कसले?" वाळवीने खाऊन त्यांची वारुळं झाली आहेत, तरी तुला दिसले. तुझ्या बापाचं सगळं लहानपण त्या खुंटांवर बसून करवंदं खाण्यात गेलं, पण त्याने कधी विचारलं नाही. पुरुषांना असलं विचारायची सवय नसते. तू विचारलंस, तर ऐक.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा इंग्रज जाऊन सहा-सात वर्षं झाली असतील. शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर केलं. घर एक आणि चुली दोन होत्या. पुढच्या बाजूला थोरले दीर आणि जाऊ, मागच्या पडवीत मी आणि सासू. तुझा आजोबा विजयदुर्गाहून सुटणाऱ्या गलबतावर खलाशी. नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की तो जायचा आणि पाऊस लागताना परत यायचा. म्हणजे घरात काय ठरायचं ते उन्हाळ्यात, आणि तो घरी असायचा पावसाळ्यात. माझं निम्मं आयुष्य या एका गोष्टीने नासलं असं म्हटलं तरी चालेल.

राई होती घरामागे, पार व्हाळापर्यंत, म्हणजे त्या खालच्या ओढ्यापर्यंत. ऐन, किंजळ, जांभळी आणि दोन रायवळ आंबे. नावावर सासऱ्यांच्या होती, पण राखली सासूने. दोन लहान मुलगे पदरात टाकून सासरे गेले, तेव्हापासून दर फाल्गुनात ती राईच्या कडेचा पाचोळा झाडून माणूसभर रुंदीची जमीन उघडी करायची. शेजारच्या डोंगरात लोक गवत जाळायचे, तो वणवा आपल्यात शिरू नये म्हणून. मी आले तेव्हा तिची पाठ वाकली होती ती या झाडण्याने. लोक म्हणायचे, म्हातारी अंगण झाडायची नाही पण रान झाडील.

आता तुला कवळ म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, पेरायचा तर आधी ती जमीन भाजावी लागते. त्यासाठी ऐनाकिंजळाच्या फांद्या पाल्यासकट तोडून सुकवायच्या, त्याला कवळ म्हणतात. महाशिवरात्रीला कुणकेश्वराची जत्रा होईपर्यंत प्रत्येक घराचं कवळ तोडून झालेलं असायचं. पण त्यालाही रीत होती. एका झाडाचं कवळ एक वर्ष घेतलं तर पुढची दोन-तीन वर्षं त्याला हात लावायचा नाही. आणि शेंडा ठेवायचा. काही झालं तरी शेंडा ठेवायचा.

थोरल्या दिरांनी दुसऱ्याची दोन शेतं खंडाने करायला घेतली. शेत वाढलं तसं कवळ जास्त लागायला लागलं. घराजवळचे पाच ऐन सोयीचे होते, माथ्यावर भारा घेऊन फार चालावं लागत नव्हतं. म्हणून दर वर्षी तेच पाच. आणि शेंड्यापर्यंत. सासू खाली उभी राहून ओरडायची, "शेंडो ठेव रे झिला! झाडाक पण खावक तोंड लागता!"

वरून दीर म्हणायचे, "आये, ऐन मरणारो न्हय. कापलो काय फुटता."

तीन वर्षं फुटला. चौथ्या वर्षी वैशाख संपत आला तरी पाची झाडांवर एक पान नाही. साल सुटून लोंबायला लागली. सुतारपक्षी सकाळी येऊन ठोकायचे, ते मागच्या पडवीत आम्हाला ऐकू यायचं. सासू एका झाडाजवळ गेली, नखाने साल उचकटून बघितली आणि परत आली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग ठरवायचं होतं की या मेलेल्या झाडांचं करायचं काय. एका संध्याकाळी दिरांनी वाडीतला लाकडं तोडणारा माणूस बोलावला. तो खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, कुऱ्हाड बाजूला ठेवून उकिडवा बसला. दीर ओट्यावर होते, जाऊ दारात, आणि सासू पाय पसरून केरसुणीसाठी माडाचे हीर काढत होती. मी दाराआड होते. थोरल्या दिरांसमोर आम्ही तेव्हा उभं राहत नसू.

जाऊ म्हणाली, "माझ्या न्हाणीच्या चुलीक दोन वर्सां पुरतीत."

"ऐनाचो गाभो न्हाणीत घालतस? अक्कल आसा काय तुका?" दीर म्हणाले. "खारेपाटणचो व्यापारी ऐन म्हटल्यार धावत येतलो."

"मग विका. माका काय! मी थंड पाण्यान न्हातंय."

"थंड पाण्यान न्हाशीत तर बरा होयत, डोक्या तरी थंड रवात."

लाकूडतोड्या हसला. सासूही हसली असं मला वाटलं, पण तिने हातातला हीर खाली ठेवला आणि म्हणाली, "लाकडां खंय जावची नाय. तोडा, फोडा आणि खोपीत रचून ठेवा. ती माका व्हयी."

दीर म्हणाले, "तुका? तुका कित्याक?"

"कित्याक म्हणजे? जाळूक! मी काय हंयच बसान रवतलंय? तुमचो बापूस आषाढात गेलो. वल्या आंब्यार घातल्यानी तेका. दोन दिस धुमसत होतो तो. मगे कोणी काय केल्यानी ता माका कोणी सांगूक नाय आणि मी इचारूक नाय. माझा तसा करू नकात. माका माझ्या रायतल्या सुक्या लाकडान जाळा."

मग जाऊ दोन्ही हात कानांवर ठेवून ओरडली, "शिव शिव शिव! जित्या माणसाचा सरण घरात रचतत? माझी पोरां त्या खोपीखाली खेळतत!"

लाकूडतोड्या उठला. कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "मी नाय बा. जित्या माणसाच्या सरणाक माझी कुराड लागूची नाय. माझ्या घरात पण म्हातारा माणूस आसा." आणि गेला. चहा ठेवला होता मी, तो पण न घेता गेला.

बाये, तुला यात काय एवढं असं वाटेल. आमच्याकडे प्रत्येक घरी पावसाची लाकडं खोपीत, झावळांच्या छपराखाली, रचलेली असतात. वरची बारीक लाकडं चुलीची. खालची जाड, जी कधी चुलीत जात नाहीत, ती कशाची, हे पाच वर्षांच्या पोरालासुद्धा कळतं. पण बोलायचं नाही. कोणी विचारलं तर चुलीक म्हणायचं. आमच्या घरात तेवढी शिल्लक कधी राहिली नाही, कारण जाऊ पाऊस संपायच्या आत खोपीचा तळ दाखवायची. सासूने फक्त एवढंच केलं, की सगळ्यांच्या मनात असतं ते तोंडाने बोलली. आणि बोलल्यावर ती लाकडं मेलेल्या झाडांची राहिली नाहीत, तिच्या मरणाची झाली. मग त्यांना हात कोण लावणार?

मी रात्रीचा भात वाढताना तिला म्हटलं, "आये, चुलीक म्हटला असता तर काय बिघडला असता?"

"चुलीक म्हटलंय असतंय तर तुझी जाव न्हाणीत घालून मोकळी झाली असती. माका म्हायत नाय? तिका आंघोळीक कढत पाणी लागता, कोंबडी सोलूक लागता तसा." आणि भात कालवत म्हणाली, "आणि खोटा कित्याक बोलू? रान मी राखलंय."

तिचं बरोबर होतं, माझंही बरोबर होतं. पण झाडं तिथेच.

पुढे दिरांनी गावात सांगितलं की देवाला कौल लावूया. आमच्याकडे अडलं की देवाला विचारतात. गुरव पाषाणाला पाणी लावून उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. सोमवारी सकाळी सगळे गेले. दीर मानकरी, त्यांना आत जागा. आम्ही बायका सभामंडपाच्या पायऱ्यांवर. सासू काठी टेकत आली होती.

गुरवाने आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरू तुझ्या दाराक इला आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तेच्या घरात जित्या माणसाच्या नावान सरणाचा लाकूड येवक बघता. ता घरात घेवचा काय नको, ह्या तू सांग. नको आसात तर डाव्यान दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

प्रश्न कोणी घातला होता ते कळायला मला देवाची गरज नव्हती. डावी पाकळी पडली. लवकर पडली. गुरवाने लबाडी केली असं मी म्हणत नाही, त्या बिचाऱ्याला जे सांगितलं ते त्याने म्हटलं. पण देव तरी काय करणार? असा प्रश्न विचारलात तर मीही नकोच म्हणेन.

तेवढ्यात सासू पायरीवरून ओरडली, "गुरवानू! आणि एक इचारा! झाडां कोणी मारल्यान ता इचारा!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. दीर वळले. "आये, बायल माणसान मधी बोलूचा नाय."

"मी नाय बोलतंय. देवाक बोलूक सांग."

गुरवाने मान खाली घालून पाकळ्या गोळा केल्या. दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही. येताना ती वाटेत दोनदा बसली. मी पाणी दिलं तर म्हणाली, "देवाक पण दादले इचारतत, बायलो ऐकतत."

पाऊस लागला, तुझा आजोबा आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बघू. दोन-अडीच महिने बघितलं आणि नारळीपौर्णिमेला परत गेला. झाडं उभीच. पावसात भिजली, थंडीत सुकली. ऐनाचं लाकूड लवकर कुजत नाही. मेल्यावरसुद्धा ते वर्षभर माणसाची वाट बघत उभं राहतं.

आणि फाल्गुनात, सासू राईची कड झाडत असताना, व्हाळाच्या बाजूने बैलगाड्या आल्या. खारेपाटणच्या व्यापाऱ्याची माणसं होती. दोघांनी करवत लावली. मी धावत पुढच्या दारात गेले. दिरांशी बोलता येत नव्हतं, म्हणून जावेला विचारलं, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "वैनीनू, देवान नको म्हटल्यान ना?"

दिरांनी भिंतीकडे बघत तिलाच सांगितलं, "सांग तिका. देवान घरात आणूक नको म्हटल्यान. आम्ही खंय घरात आणतोंव? आणि एकदा विकला काय ता सरणाचा लाकूड रवत नाय."

बघ कसं आहे. तीच झाडं. म्हातारीने मागितली तेव्हा त्यांना मरणाचा विटाळ होता, गाडीत पडली आणि विटाळ फिटला. तो लाकूडतोड्यासुद्धा त्या दिवशी ओंडके चढवायला आला होता. मला बघून त्याने डोक्याचं फडकं सारखं केलं, पण आला होता.

सासूने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ती केरसुणी घेऊन उभी राहिली, शेवटची गाडी व्हाळ उतरून दिसेनाशी होईपर्यंत. मग घरी येऊन पाटी घेतली आणि परत गेली. करवतीखाली, कुऱ्हाडीखाली उडालेल्या ढलप्या वेचायला लागली. रोज जायची. मी तिला म्हटलं मी वेचते, तर नको म्हणाली. खळ्यात वाळत घालायची आणि संध्याकाळी पोत्यात भरायची. पोतं तिच्या बाजेखाली होतं.

जाऊ एकदा येताजाता म्हणाली, "म्हातारे, एवढ्याश्या ढलप्यांनी काय होताला? पायाचो अंगठो जळात फक्त."

"मगे अंगठो तरी नीट जळात," सासू म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. आषाढ होता. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता, व्हाळाला लोंढा होता, भिंतींना ओल चढली होती. सकाळी पेज घेऊन गेले तर तिचे डोळे उघडे होते आणि ती मला बघत नव्हती.

मी आणि जाऊ तिला न्हाऊ घालत होतो तेव्हा मागे राईत कुऱ्हाडीचे घाव ऐकू यायला लागले. वाडीतले पुरुष सरणाची लाकडं तोडायला गेले होते. कोरडं काही नव्हतं, म्हणून जिता आंबा तोडत होते. दोनातला मोठा. त्याच्या कैऱ्यांचं लोणचं सासू घालायची. ओल्या झाडावरचा घाव वेगळा वाजतो. सुक्या लाकडावर टणक वाजतो, ओल्यावर थप्प होतो, चिखलात काहीतरी पडावं तसा. जाऊ माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्याकडे बघत होते.

मी बाजेखालचं पोतं ओढलं आणि तुझ्या आजोबाच्या हातात दिलं. म्हटलं, ही खाली घाला, तेवढी तरी पेटतील. त्याने खांद्यावर घेतलं. उंबऱ्याबाहेर पडला तेवढ्यात दीर म्हणाले, "ठेव ता. लोक हसतीत. एवढा रान आसान ढलप्ये घेवन इले म्हणतीत."

तुझा आजोबा वादळात डोलकाठीवर चढून शीड उतरवणारा माणूस होता. त्याने ते पोतं पायरीवर ठेवलं. माझ्याकडे न बघता ठेवलं. आणि आईला खांदा द्यायला गेला.

बायका स्मशानात जात नाहीत. आम्ही घरी. पण मागच्या पडवीतून व्हाळाकडची जागा दिसते, तू बघ उद्या. पाऊस जरा ओसरला होता. सुक्या लाकडाचा धूर सरळ वर जातो आणि थोड्या वेळाने दिसेनासा होतो. हा उठलाच नाही. पांढरा, जड धूर शेतावर पसरला आणि तिथेच पडून राहिला. एक माणूस धावत आला, घरातलं रॉकेल घेऊन गेला. दुसरा आला, नारळाची सोडणं मागून गेला. तिसरा शेजारच्या घरी गेला. मग पाऊस परत आला. मी खांबाला धरून उभी होते, जावेने दोनदा सांगितलं आत ये, मी गेले नाही. दिवेलागणीला पुरुष परत आले. आंघोळी करून बसले.

अस्थी गोळा करायला गेले त्या दिवशी तुझा आजोबा परत आल्यावर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "पुरी झाली?"

तो आपल्या पायांकडे बघत म्हणाला, "पाऊस होतो गो."

त्याच्यानंतर तो तीस वर्षं जगला. बरा माणूस होता, माझ्यावर कधी हात उचलला नाही, दारू प्यायला नाही. पण ते एक वाक्य मी त्याला कधी माफ केलं नाही, आणि त्याला ते ठाऊक होतं.

सुतक फिटल्यावर मी त्या ढलप्या चुलीत घातल्या. दुसरं करणार काय? लाकडं सगळी भिजलेली होती. झर्रकन पेटल्या. धूर म्हणून नाही, स्वच्छ पिवळा जाळ. पेज शिजली, पोरांनी खाल्ली. तुझा बाप तेव्हा दोन वर्षांचा होता, त्याने परत मागून घेतली.

थोरले दीर पुढे चैत्रात गेले. कडक ऊन, सगळी लाकडं करकरीत सुकलेली. तासाभरात आटोपलं म्हणाले. लोक सांगतात देव न्याय करतो. करत असेल. आमच्या बाजूला आला नाही.

आणि जाऊ? दीर गेल्यानंतर तिची खोप दर वर्षी जाड लाकडांनी भरायला लागली. किंजळ, जांभूळ, सगळं चिरून नीट रचलेलं, वर माडाच्या झावळांचं छप्पर. एकटीसाठी एवढी! मी विचारलं, "वैनीनू, एवढी लाकडां कित्याक?"

"चुलीक गो," ती म्हणाली. "पावसात बरी."

नातवंडं तिची त्याच खोपीखाली लपाछपी खेळत होती. ती गेली तीही पावसातच, आणि तिचा धूर सरळ वर गेला. मी इथूनच बघितला.

आता वाटण्या झाल्या, राईतली चार झाडं माझ्या नावावर आली. त्यातला एक किंजळ यंदा फुटला नाही. सुतारपक्षी येतो. तुझा बाप फोनवर म्हणतो, आई, पडेल तेव्हा पडेल, कशाला तोडायचा खर्च. गॅस आहे ना तुझ्याकडे. आता गावच्या स्मशानात पत्र्याची शेड आहे, लाकडं पंचायत देते. होय, देते, आणि कुठून आणतात नि किती भिजलेली असतात तेही मला ठाऊक आहे.

मला तो किंजळ चुलीसाठी हवा आहे. गॅसवरची भाकरी मला आवडत नाही, असं सांग त्याला.

परवा तू जाशील. जा. पण दिवाळीची वाट बघू नकोस, मे महिन्यात ये. एक तोडणारा माणूस मी बघून ठेवते, तू फक्त इथे उभी राहा, बाईमाणूस एकटी बघून ते अर्धं सोडून जातात. आंबे पण असतील, फणस असेल. ये गो बाये, लवकर ये. पाऊस लागायच्या आत ये.